हितनं चाळीस, शून्य

कुणी पत्ता विचारला की आमच्या सरांच्या अंगात यायचं. उद्यमनगरात आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर, आणि खाली जिन्याशी कुठलं ना कुठलं वर्कशॉप शोधत आलेला माणूस रोज उभा असायचा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पुढं वजनकाटा लागेल, तिथून वळा. सर जिना उतरून खाली जात, त्या माणसाच्या शेजारी त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहत आणि सांगत, "पावणं, हितनं सरळ साठ पावलं. तितं थांबा. तितनं डावीकडं बावीस." पाहुणा गोंधळून निघायचा आणि पाच मिनिटांत परत यायचा, कारण त्याचं पाऊल आखूड असायचं. मग सर त्याला वर आणून फरशीवर दहा पावलं चालायला लावायचे, टेप टाकून मोजायचे आणि साठाची पंचाहत्तर करून द्यायचे. एकजण वैतागून म्हणाला की नुसतं नाव सांगितलं असतंत तर एव्हाना काम उरकून घरी गेलो असतो. सरांनी त्याला समजावलं की त्या वर्कशॉपचं नाव गेल्या वर्षी वेगळं होतं आणि पुढच्या वर्षी आणखी वेगळं असेल, अंतर मात्र तेवढंच राहणार. तो माणूस पुन्हा कधी आमच्या जिन्याशी थांबला नाही.

हे वेड त्यांना कामातून लागलं की हे वेड होतं म्हणून ते या कामात आले, मला अजून ठरवता आलेलं नाही. काम होतं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं. फाउंड्रीवाले, मशीनशॉपवाले हातानं काढलेलं कायबाय घेऊन यायचे, आम्ही ते मापात बसवून द्यायचो. मी कोडोलीची, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, एसटीनं येऊन-जाऊन करणारी. मालकांनी तीन महिने बघतो म्हणून ठेवलं होतं आणि सरांच्या हवाली केलं होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या टेबलावरचा माउस काढला आणि खिडकीच्या गजाला टांगला. म्हणाले, महिनाभर याला हात लावायचा नाही. माउसनं कुणीही काढतंय, नुसतं बोट फिरवायचं. मी विचारलं, मग रेघ मारायची कशानं. "सांगून," असं म्हणून ते दुसऱ्याच्या टेबलाकडं गेलेसुद्धा.

कॉम्प्युटरला रेघ सांगायच्या दोन रीती असतात. एक म्हणजे कागदाच्या कोपऱ्यात कायमचं शून्य धरायचं आणि प्रत्येक बिंदू तिथून मोजायचा. दुसरी म्हणजे आत्ता जिथं आहात तिथून पुढचा बिंदू सांगायचा, चाळीस उजवीकडं आणि वर काही नाही. या दुसऱ्या रीतीत आकड्यांच्या आधी @ हे चिन्ह टाइप करावं लागतं. सगळं जग त्याला ॲट म्हणतं. सर म्हणायचे 'हितनं'. हितनं चाळीस, शून्य. हितनं शून्य, पंचवीस. हितनं उणे चाळीस, शून्य. असं म्हणत म्हणत चौकोन पुरा व्हायचा आणि मला शाळेतल्या पाढ्यांची आठवण व्हायची.

पहिल्या रीतीवर त्यांचा इतका राग होता की ती वापरताना कुणी दिसलं तर ते दुखावल्यासारखे करायचे. "शून्य कुठं हाय ते मला काय करायचंय? मी आत्ता कुठं हाय ते सांग." मी एकदा धीर करून म्हटलं की सर, या रीतीत एक आकडा चुकला तर पुढचं सगळंच सरकतं, त्या रीतीत निदान एकच बिंदू चुकतो. ते खूश झाले. सरकू दे की, म्हणाले, सरकलं तरच कळतं, नाहीतर चूक एका कोपऱ्यात गप बसून राहते. बोलणं मला पटलं होतं. पुढं ते मलाच किती महागात पडणार होतं ते तेव्हा माहीत नव्हतं.

शिकवताना ते आम्हाला गल्लीत न्यायचे. एखाद्या ब्रॅकेटचा आकार खडूनं न काढता नुसता चालायचा. पुढं सहा पावलं, डावीकडं दोन, मागं चार. समोरचे टेम्पोवाले बिडी ओढायची सोडून बघत बसायचे. शेवटचं पाऊल पहिल्या जागी आलं पाहिजे, नाही आलं तर पुन्हा. कॉम्प्युटरवर एक सोय असते, शेवटी नुसतं सी दाबलं की तो आपण होऊन पहिल्या बिंदूला रेघ जोडतो आणि आकार मिटतो. ती सोय सरांनी आम्हाला बंद केली होती. त्यांचं म्हणणं, सी दाबलं की चूकही मिटते. शेवटची रेघसुद्धा मोजून मारायची आणि ती पहिल्या बिंदूला जाऊन भिडते का ते छातीवर हात ठेवून बघायचं. अर्ध्या मिलिमीटरनं हुकली तर सगळं पुसायचं. पहिल्या महिन्यात मी एक साधी पाचकोनी पट्टी एकवीस वेळा पुसली आणि बाविसाव्या वेळी ती भिडल्यावर मला हसू आवरेना.

बसायचं त्यांना जमतच नसे. पायाला भिंगरी म्हणतात ती मी त्यांच्या रूपात पाहिली. आम्ही चौघं खुर्च्यांत आणि सर आमच्या पाठीमागं येरझाऱ्या घालत. दुसऱ्याचा चहा प्यायचे, स्वतःचा चौथ्याच टेबलावर ठेवून विसरायचे. राहायची खोलीही दर पाच-सहा महिन्यांनी बदलत. मंगळवार पेठेतून राजारामपुरी, तिथून शाहूपुरी, पुन्हा मंगळवार पेठ. कारण विचारलं तर दरवेळी नवं. कधी खिडकी चुकीच्या बाजूला, कधी जिना एका पायरीनं जास्त. लग्न केलेलं नव्हतं. शाहूवाडीकडं भाऊ होता, भातशेती होती, पण तिकडं गेले तरी दुसऱ्या दिवशी परत. असा माणूस मागून फिरत असला की आपल्यालाही बसवत नाही. संध्याकाळी एसटीत बसल्यावरसुद्धा माझ्या मानेला वाटायचं की मागं कोणीतरी उभं आहे.

आणि हात. फिरता फिरता ते हात मध्येच कुणाच्याही कीबोर्डवर उतरायचे. तुम्ही पाणी प्यायला उठलात, की सरांनी तुमचं ड्रॉइंग तपासायला घेतलंच. आयडी म्हणून एक कमांड आहे. ती दिली आणि एखाद्या बिंदूवर टिचकी मारली, की तो बिंदू नेमका कुठं आहे ते कॉम्प्युटर सांगतो. आम्हाला ती वापरायची बंदी होती. ज्याला आपण कुठं आहोत ते विचारावं लागतं त्यानं ड्रॉइंग करू नये, असं सरांचं मत. स्वतः मात्र ते दिवसातून पन्नास वेळा विचारायचे.

त्यांची तपासायची खरी रीत दुसरीच होती. आपण टाइप केलेली प्रत्येक ओळ कॉम्प्युटर लिहून ठेवतो. काम संपलं की ती सगळी यादी सर छापून घेत, पंचिंग करून फाइलला लावत आणि मग येरझाऱ्या घालत मोठ्यानं वाचत. पडद्याकडं बघत नसत. रेघ. हितनं एकशे वीस, शून्य. हितनं शून्य, साठ. वाचता वाचता आकार त्यांना दिसायचा. मध्येच थांबून म्हणायचे, हा कोपरा बोचतोय, बघ. आणि तो कोपरा खरंच चुकलेला असायचा. उद्यमनगरात याच्यावर त्यांचं नाव होतं. सरांनी वाचलेलं ड्रॉइंग म्हटलं की फाउंड्रीवाले पुन्हा माप घेत नसत.

माझ्या तीन महिन्यांतले पंधरा दिवस राहिले असताना एका दूध डेअरीचं काम आलं. दुधाचे कॅन धुवायच्या मशीनला एकसारख्या बावीस प्लेटा हव्या होत्या, स्टीलच्या, प्रत्येकीला चौदा भोकं. भोकांची अंतरं सगळी वेगवेगळी. फाइल थेट लेझर कटिंगवाल्याकडं जायची होती, म्हणजे मधे कागद नाही, मापं लिहिणं नाही, आम्ही जे काढू तेच कापलं जाणार. मालकांनी काम मला दिलं आणि म्हणाले, हे नीट झालं तर तू कायम.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, कायम झाल्यावर बोल. मला रात्रभर चौदा भोकं दिसत होती.

बाहेरचा आकार काढला, तो मिटला. मग भोकं. पहिल्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य, तिथून तिसऱ्याचा. सोळाची भोकं, आठची त्रिज्या. चौथं झालं आणि खालून हाक आली की कुणाचा तरी प्रिंट न्यायला माणूस आलाय. मी जाऊन देऊन आले. पाच मिनिटंसुद्धा नसतील. परत बसले आणि पुढचं टाइप केलं, हितनं चाळीस, शून्य. मग सहावं, सातवं, करत चौदा.

त्या पाच मिनिटांत काय झालं ते मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. सर माझ्या टेबलाशी थांबले होते. सवयीप्रमाणं आयडी देऊन त्यांनी चौथ्या भोकाच्या कडेवर टिचकी मारली होती, जागा बघितली होती आणि पुढं गेले होते. आयडीनं जो बिंदू विचारला तोच कॉम्प्युटर शेवटचा धरतो. आता त्याच्या लेखी शेवटचा बिंदू भोकाचा मध्य राहिला नव्हता, कड झाली होती. मध्यापासून आठ मिलिमीटर उजवीकडं. मी 'हितनं' म्हटलं ते त्या कडेपासून. पाचवं भोक आठनं सरकलं आणि त्याच्या मागोमाग उरलेली नऊ. बाहेरचा आकार असता तर शेवटी भिडला नसता आणि चूक कळली असती. पण भोकांची माळ कुठं मिटत नाही, ती आपली सुरू होते आणि संपते.

संध्याकाळी सरांनी यादी वाचली. प्रत्येक आकडा बरोबर होता. मधली आयडीची ओळ त्यांनी नुसती ओलांडली, आपल्या घरातल्या उंबऱ्यासारखी. म्हणाले, पाठव.

आठवड्यानं मालक जिना चढून आले ते हातात प्लेट घेऊन. माझ्या टेबलावर ठेवली. डेअरीत बावीसपैकी एकही प्लेट बसली नव्हती, पाचव्या भोकापासून पुढं बोल्टच आत जात नव्हते. मालक फार बोलले नाहीत. उद्यापासून येऊ नको, एवढंच म्हणाले. मला रडू आलं नाही, नुसतं कोडोलीच्या स्टँडवर उतरल्यावर घरी कसं जायचं हे डोळ्यांपुढं आलं.

सर म्हणाले, थांबा, कागद काढतो. फाइल काढली आणि येरझाऱ्या घालत वाचायला लागले. मालक घड्याळ बघत होते. चौथ्या भोकानंतर सर थांबले. ती ओळ त्यांनी मनात वाचली असावी, कारण ओठ हलले, आवाज आला नाही. मग म्हणाले, "ही ओळ हिची न्हाय. माझी हाय. चूक मी केलोय."

मालकांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "सर, पोरीला पाठीशी घालू नका. डेअरीला मी सांगून बसलोय, नवीन पोरगी होती, काढून टाकली. आता तुमचं नाव कसं सांगू?"

सर समजावत राहिले. आयडी ही पोरं वापरत नाहीत, मी वापरतो, ती खाली गेलती तेव्हाची ओळ आहे. मालकांना ते समजत नव्हतं असं नाही. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. सर ऑफिस सोडून आले होते, फाइलमधला तो एक कागद काढून घेऊन. ते परत त्या ऑफिसात गेले नाहीत.

इथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल, काय देवमाणूस. मीही पहिले दोन दिवस तेच म्हटलं.

मी दुसरं काम शोधायला लागले. उद्यमनगर ते शिरोली, शिरोली ते गोकुळ शिरगाव. एका ठिकाणी चूक झालेली दुसरीकडं तासाभरात कळते अशी ही जागा, पण निदान काहीजणांना कळलेलं नसतं. माझी आशा त्या काहीजणांवर होती. पण मी जिथं जायची तिथं सर आधीच जाऊन आलेले असायचे. हातात तो कागद, आणि दारातूनच सुरुवात, की कोडोलीच्या एका पोरीनं बावीस प्लेटा घालवल्या असं तुम्ही ऐकलं असेल, तर ते खोटं आहे. ज्यांनी ऐकलेलं नव्हतं त्यांनीही मग ऐकलं. सर त्यांना चौदा भोकं, चौथ्या भोकाची कड, आठ मिलिमीटर, सगळं चालून दाखवायचे. चहाच्या गाड्यावर सांगायचे, वजनकाट्यावर सांगायचे. नृसिंहवाडीला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या माणसाला सांगितलं, तो नेमका एका फाउंड्रीचा स्टोअरकीपर निघाला आणि ती एक जागा राहिली होती तीही गेली. तीन आठवड्यांत माझं नाव 'बावीस प्लेटावाली' पडलं. मी दारात उभी राहिले की आतला माणूस आधी हसायचा.

आणि त्यांचं काय झालं? लोक त्यांना बसवून चहा द्यायला लागले. स्वतःची चूक गावभर सांगत हिंडणारा माणूस कुणी बघितला नव्हता. एका कारखान्यात मी बाकावर बसले असताना आतून मालकाचं बोलणं ऐकू आलं, "सर, असा खरं बोलणारा माणूस मला पायजे. उद्यापासून तुमीच या." सर म्हणाले, मला नको, बाहेर बसलीय तिला घ्या. मालक म्हणाला, तिचं बघू नंतर.

तिथून बाहेर पडल्यावर भर रस्त्यात माझा तोल गेला. मी आयुष्यात कुणा मोठ्या माणसाशी तसं बोलले नव्हते. सरांना म्हटलं की तुमच्या खरेपणानं तुमचं नाव झालं आणि माझ्या कपाळाला प्लेटा चिकटल्या. तुम्ही एका ठिकाणी गप बसला असता तर मला आतापर्यंत काम मिळालं असतं. पुढच्या जागी मी एकटी जाणार आहे, तुम्ही आत यायचं नाही, कागद दाखवायचा नाही. सर ऐकत होते. ऐकतानाही त्यांचे पाय चालूच, दोन पावलं इकडं, दोन तिकडं. मग म्हणाले, "बरं. भाईर थांबतो."

ती पुढची जागा एका बाईंची. नवऱ्यामागं त्यांनी मशीनशॉप स्वतः चालवलं होतं आणि सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. ऑइलचे डाग पडलेल्या टेबलाशी बसून मोबाइलवर कुणाला तरी झापत होत्या. फोन ठेवून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "प्लेटावाली तूच व्हय?"

जिन्यात मी ठरवलेलं वेगळंच होतं. पण तोंडातून आलं ते असं, "व्हय. बावीस प्लेटा मीच घालवल्या. कामावरनं उठले, परत बसताना शेवटचा बिंदू कुठं हाय ते बगितलं न्हाय. चूक माझी."

वहिनींनी भुवई वर केली. त्यांनी ऐकलेलं काही वेगळं होतं. कुणी सर येऊन सांगून गेले की चूक त्यांची. मी म्हटलं, सर मला पाठीशी घालतात. वहिनींनी विचारलं, मग आता काय करतेस. मी सांगितलं की आता उठले की परत बसल्यावर आधी शेवटचा बिंदू स्वतः घेते, मगच पुढं जाते. त्यांनी एक खुर्ची ओढून दिली, एक वेडावाकडा भाग हातात ठेवला आणि काढ म्हणाल्या. दीड तासानं बघून म्हणाल्या, सोमवारपासून ये.

मी हे खरेपणानं केलं असं तुम्हाला वाटेल, म्हणून सांगते. परत बसताना तपासायला हवं होतं हे बरोबरच आहे, पण तेव्हा ते माझ्या मनातही नव्हतं. मला सरांपासून सुटायचं होतं. चूक त्यांची राहिली असती तर ते जन्मभर तो कागद घेऊन माझ्यापुढं पळत राहिले असते. ती माझी करून टाकली की विषय संपला. खोटं बोलताना मला हलकं वाटत होतं.

बाहेर सर उन्हात फेऱ्या घालत होते. मी सांगितलं की काम मिळालं. त्यांचा चेहरा उजळला. मग विचारलं, प्लेटांचं काय सांगितलंस. मी म्हटलं, माझी चूक म्हणून सांगितलं, आता तुम्ही कुणाला काही सांगत बसू नका.

त्यांचे पाय थांबले. हातातल्या कागदाकडं बघितलं, तो एव्हाना घड्यांवर फाटला होता. म्हणाले, "आणि माझं काय गं मग?"

मी म्हटलं, घरी जावा सर. कोडोलीची एसटी सुटायला आली होती, मी पळत गेले आणि चढले. खिडकीतून मागं बघितलं नाही.

आठवड्याभरात कळलं की सर खोली सोडून शाहूवाडीला भावाकडं गेले. ड्रॉइंग सोडलं. ज्या मालकानं त्यांना बोलावलं होतं त्याच्याकडंही गेले नाहीत.

त्याला आठ वर्षं झाली. मी वहिनींकडंच आहे, डिझाइनचं सगळं आता माझ्याकडं असतं. आमच्यात शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते की उठलात तर परत बसताना शेवटचा बिंदू स्वतः घ्या. ते विचारतात, का. मी म्हणते, एकदा माझी चूक झाली होती. हे म्हणताना दरवेळी मला खुर्चीत नीट बसवत नाही. पाणी प्यायचं निमित्त करून मी उठते. गेल्या पावसाळ्यानंतर हे फारच व्हायला लागलं. रविवारी एसटी धरून मी शाहूवाडीकडं गेले.

सर भाताच्या बांधावरून चालत होते. केस पांढरे झाले होते, चाल तीच. मला बघून विशेष काही वाटल्यासारखं दाखवलं नाही, चल म्हणाले, आणि मी त्यांच्या मागून बांधांवरून चालत राहिले. भावाशी पाण्यावरून काय भांडण झालं ते सांगितलं, म्हशीचं सांगितलं. प्लेटांचा शब्द नाही. चौथ्या बांधावर मीच म्हटलं, "सर, ती ओळ तुमचीच होती. मी वहिनींना खोटं सांगितलं."

ते वळले. "व्हय की. मग मी दुसरं काय सांगत हिंडत हुतो?"

मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. रागावले नव्हते, पण घाई झाल्यासारखे दिसत होते. "मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय. जा आणि तितं सांग. माझी चूक तितं अजून तुझ्या नावावर हाय."

परतीच्या प्रवासात दोन वेळा मनात आलं की राहू दे, कोण विचारतंय. सोमवारी सकाळी मी वहिनींच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, त्या बावीस प्लेटा मी नव्हत्या घालवल्या, सरांच्या हातून झालं होतं. वहिनी चष्म्यावरून बघायला लागल्या. "कसल्या प्लेटा?"

मग मी पहिल्यापासून सांगितलं. डेअरी, कॅन धुवायची मशीन, चौदा भोकं, चौथ्या भोकाची कड. सांगताना मी टेबलापुढं चालत होते हे मागाहून माझ्या लक्षात आलं. त्यांना कोणी सर येऊन गेल्याचंही आठवत नव्हतं. एक फोन घेतला, दुसरा कापला, शेवटी म्हणाल्या, "बरं. आणि ते गिअरबॉक्सचं कवर झालं का?"

दुपारी मी सरांना फोन लावला. मागं म्हशीचा आणि पाण्याच्या मोटारीचा आवाज होता, त्यात चपलांचाही. मी म्हटलं, सांगितलं सर. त्यांनी विचारलं, काय म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुमचीच चूक हुती म्हणाल्या."

ते चालायचे थांबले असावेत, कारण चपलांचा आवाज येईना.

"बरं झालं," म्हणाले. "लई बरं झालं."